टक्केताई आणि चौऱ्याऐंशी बिया

बियाणं तपासायच्या त्या खोलीत पहिल्यांदा येणाऱ्याचा आवाज आपोआप खाली यायचा. आपण कुणाच्या तरी झोपायच्या खोलीत शिरलोय असं वाटायचं. खिडक्यांना दुधी काचा, हवेत ओल्या कागदाचा वास, आणि भिंतीला लागून उगवणीची दोन उबदार कपाटं मंद घुमत असायची. कपाटांत फळ्यांवर टिपकागदाची पांघरुणं, आणि त्या पांघरुणांखाली हजारो बिया.

टक्केताई या खोलीत सव्वीस वर्षं होत्या. काम म्हटलं तर अगदी सरळ. पोत्यातून आलेल्या नमुन्यातल्या शंभर बिया चिमट्याने उचलायच्या, ओल्या टिपकागदावर दहा-दहाच्या दहा ओळी लावायच्या, वरून दुसरा ओला कागद घालायचा आणि कपाटात ठेवून द्यायचं. असे चार कागद, म्हणजे चारशे बिया. सातव्या दिवशी कागद उघडून कोंब मोजायचे. शंभरात सरासरी सत्त्याऐंशी उगवल्या, तर त्या पोत्याची उगवण सत्त्याऐंशी टक्के. पोतं पेरणाऱ्याने तेवढ्याचीच आशा धरायची.

टक्केताई हे नाव त्यांना थोरल्या साहेबांनी दिलं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ताईंनी घाईघाईने दहाच बिया लावल्या होत्या. दहाच्या दहा उगवल्या. ताई धावत साहेबांच्या टेबलाशी गेल्या आणि म्हणाल्या, "साहेब, हे पोतं शंभर टक्के आहे."

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "दहा पाहुणे गोड बोलले म्हणून सगळी वरात गोड बोलेल का? चारशे लावा, मग या."

चारशे लावल्यावर आकडा आला बहात्तर टक्के. ताईंचा चेहरा पडला. साहेब हसून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. टक्के काढत राहा. टोणपे खायला आम्ही आहोतच." त्या दिवसापासून त्या टक्केताई झाल्या आणि पुढे त्यांचं खरं नाव पगाराच्या यादीतच काय ते उरलं.

त्या बहात्तरने त्यांना एक गोष्ट कायमची शिकवली. बी तोंडावरून ओळखू येत नाही. टपोरी, चकचकीत बी आतून मेलेली निघते आणि सुरकुतलेली, कुरूप बी तिसऱ्याच दिवशी शेपूट बाहेर काढते. एका बीबद्दल कुणालाच काही सांगता येत नाही. पण पुष्कळ बिया लावून बघितल्या की त्या मिळून खरं बोलतात.

ही सवय हळूहळू घरी आली. नवरा टपाल वाटायचा. तो घरी येईल साडेतीनला म्हणून ताई चहा टाकायच्या आणि चहा निवून जायचा. मग स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्यांनी दोन महिने रोजची वेळ लिहिली. साडेतीनला तो दहातल्या तीनच दिवशी यायचा. चारनंतर सात दिवशी. चहा चारनंतर टाकायला लागल्या आणि घरातलं एक जुनं भांडण आपसूक मिटलं. नवरा म्हणायचा, "मला काही विचारायचंच नाही, बियाणं समजून नुसतं मोजायचं."

मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला गेली तेव्हा या मोजण्याने त्यांना खरा आधार दिला. ती रविवारी सकाळी फोन करायची. नाही आला की ताई घरभर फेऱ्या घालायच्या, काय झालं असेल, कुठे पडली असेल. मग त्यांनी खुणा करायला सुरुवात केली. चाळीस रविवारांत फोन आला तीस वेळा. म्हणजे चारातला एक रविवार मुका जाणारच. दहा मुके रविवार गेले होते आणि दहाही वेळा पोरगी धडधाकट होती. त्यानंतर फोन नाही आला तर ताई खिडकीत बसून निवांत केस विंचरायच्या. काळजी गेली नाही, पण तिला बसायला एक जागा मिळाली.

एकदा दुपारच्या सुट्टीत खोलीच्या दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. अंगात बसचालकाचा गणवेश, टोपी हातात. मग त्यांनी खिशातून रुमालाची छोटी पुरचुंडी काढली आणि टेबलावर अलगद ठेवली.

"बायकोच्या आहेत," ते म्हणाले. "शिलाई मशीनच्या खणात सापडल्या."

बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. तिने गॅलरीत निळ्या फुलांचा वेल लावला होता. फुलं पहाटे उघडायची आणि दुपारपर्यंत मिटायची. तिच्या आजारपणात वेलाकडे कुणी बघितलं नाही, तो वाळून गेला. तसला निळा रंग त्यांनी नंतर कुठेच पाहिला नव्हता. गेल्या वर्षी त्यांनी पुरचुंडीतल्या दहा बिया कुंडीत पेरल्या. दहाही कुजल्या.

ताईंनी पुरचुंडी उघडली. काळ्या, तिकोनी, दगडासारख्या टणक बिया. मोजल्या तर चौऱ्याऐंशी.

"आमच्या नियमाला चारशे लागतात, दादा."

"चारशे कुठून आणू?" ते म्हणाले आणि खुर्चीच्या कडेवर बसले. "ताई, खरं सांगू का? पेरायची भीती वाटते. पुरचुंडीत आहेत तोवर सगळ्या जिवंत आहेत."

कपाट मंद घुमत होतं. ताईंनी स्वतःला जे ठाऊक होतं तेच सांगितलं. ठेवलेल्या बियाण्याची उगवण दर वर्षी उतरते, हे त्यांनी इतक्या जातींत पाहिलं होतं की त्यात शंकेला जागा नव्हती. पुरचुंडीतही बिया एकेक करून विझत होत्या, फक्त दिसत नव्हत्या.

"वीस मला द्या," त्या म्हणाल्या. "उगवल्या तर रोपं तुमचीच. नाही उगवल्या तर बाकीच्यांचं काय करायचं ते तरी कळेल."

चालकदादांनी वीस बिया स्वतःच्या हाताने मोजून दिल्या. प्रत्येक बी देताना थोडे थांबत होते.

साहेबांच्या परवानगीने ताईंनी त्या बिया ओल्या कागदात लावून कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवल्या. ते सात दिवस त्यांना वेगळेच गेले. जेवणानंतर खुर्चीत डोळा लागला की दिसायचं, आपण ओल्या पांढऱ्या कागदाच्या रानातून चाललोय, रानाला टोक नाही, पायांखाली कुणीतरी कूस बदलतंय. एकदा त्या रानात एक बाई शिलाई मशीन चालवत बसली होती आणि सुईखालून निळं कापड नदीसारखं वाहत होतं. ताईंनी तिला विचारलं, "किती येतील हो?" बाईने मान वर न करता पाय मारणं चालू ठेवलं. जाग आली तेव्हा कपाटाचाच आवाज येत होता.

सातव्या दिवशी विसातली एक बी उगवली होती.

चालकदादांनी तो एकुलता एक कोंब बघितला आणि टोपी डोक्यावर ठेवली. "म्हणजे संपलं."

"बसा जरा," ताई म्हणाल्या. "बाकीच्या एकोणीस मी चिमट्याने दाबून बघितल्या. मऊ होऊन कुजलेल्या थोड्याच आहेत. बाकीच्या अजून दगडासारख्या आहेत, म्हणजे पाणी आतच गेलेलं नाही. त्या मेल्यात की दार लावून झोपल्यात, हे मला आत्ता सांगता येत नाही. आणखी वीस द्याल?"

त्यांनी पुरचुंडीची गाठ सोडली. मग म्हणाले, "माझ्या बसमध्ये पहिल्या हाकेला कधी कुणी चढत नाही. घ्या."

या वेळी ताईंनी प्रत्येक बी पॉलिश पेपरवर हळूच घासली, काळ्या सालीखालचं फिकट दिसेपर्यंत, आणि एक दिवस कोमट पाण्यात ठेवून मग कागदावर लावली. पाचव्या दिवशी दोन कोंब, सातव्या दिवशी चार.

आता ताईंनी कागद पुढे ओढला आणि त्यांना समजावून सांगितलं. "विसात चार, म्हणजे पाचात एक. तुमच्याकडे उरल्या चव्वेचाळीस. घासून, भिजवून लावल्यात तर आठ-नऊ उगवतील असं धरा. पण माझा हा आकडा विसावरून काढलेला आहे, चारशेवरून नाही. तो डुगडुगतो. पाच आल्या तर मला खोटं म्हणू नका, बारा आल्या तर देव्हाऱ्यात बसवू नका."

चालकदादा पहिल्यांदा हसले. "एकही आली नाही तर?"

"तसं व्हायची शक्यता फार कमी आहे. पण नाहीच होणार, असं मी म्हणणार नाही."

ते म्हणाले, "नऊ वर्षं मला सगळे 'नक्की होईल' आणि 'आता विसरा' एवढंच सांगतायत. मधलं काही असतं हे कुणी बोललंच नाही." मग उगवलेले पाच कोंब कागदी पेल्यांत घालून, पेले मांडीवर धरून, ते आपल्याच मार्गावरच्या बसमध्ये प्रवासी म्हणून बसून घरी गेले. जाताना चालवणाऱ्याला सांगून ठेवलं, खड्डे चुकव.

पुढचे दोन महिने त्यांची काहीच खबर नव्हती. ताई कामाला लागल्या, पोती येत-जात राहिली. मग एका सकाळी फोन आला. "सात आल्या, ताई. पेल्यांतला एक गेला, चार जगले. अकरा वेल झाले. उद्या बहुतेक पहिलं फूल उघडेल. याल का?"

ताई आणि त्यांचा नवरा उजाडता उजाडता पोचले. तिसऱ्या मजल्यावरची अरुंद गॅलरी, रांगेने लावलेले डबे, वर ताणलेल्या दोऱ्या. पानांमध्ये मिटलेल्या छत्रीसारखी कळी होती. तिघंही स्टुलांवर बसले. चालकदादांनी चहा दिला, तो कुणी प्यायला नाही. उजेड भिंतीवरून खाली उतरत आला, कळीचा पीळ इतक्या सावकाश सुटला की सुटताना कुणालाच दिसला नाही, आणि बघता बघता तिथे फूल होतं. निळं. कडेला जरा जांभळट.

"हाच का तो रंग?" ताईंच्या नवऱ्याने हळूच विचारलं.

चालकदादांनी मान डोलावली. मग म्हणाले, "माझ्या आठवणीत जरा गडद होता. पण हाच."

ते रडले नाहीत. फुलाशेजारी वाळत घातलेला टॉवेल त्यांनी काढून घेतला, वाऱ्याने लागेल म्हणून.

थंडी सरता सरता ते परत खोलीच्या दारात आले. या वेळी हातात कागदी पिशवी होती आणि तिच्यात मूठ-मूठ ताज्या बिया. ताईंनी नियमाप्रमाणे चारशे लावल्या. उगवण आली एक्क्याण्णव टक्के. त्यांनी तो आकडा शिक्क्यानिशी लिहून दिला. चालकदादांनी कागद घडी करून टोपीच्या आत ठेवला आणि उरलेल्या बिया डेपोत वाटून टाकल्या. दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. बस डेपोच्या तारेच्या कुंपणावर तो वेल आता पार फाटकापर्यंत गेलाय. सकाळच्या पहिल्या गाडीची माणसं अर्धवट झोपेत त्याच्या निळ्या फुलांकडे बघत उभी असतात, आणि गाडी आली की कधी कधी एखाद्याला हाक मारावी लागते.