मायचं बीपी

आमच्या घरात बीपी कुणालाच नव्हतं, तरी बीपीची गोळी मात्र महिन्याच्या महिन्याला यायची. मायची गोळी. जेवण झालं की ती पदराच्या टोकाची गाठ सोडायची, गोळी तोंडात टाकायची, वर पाणी प्यायची. एखाद्या पाहुण्यानं विचारलंच, कशाची हो, तर वडील खालमानेनं सांगायचे, ‘बीपी हाय जरा.’ हे जरासं बीपी आम्ही पोसलं ते मी शाळकरी होतो तेव्हापासून माझे केस पिकेपर्यंत.

आमचं गाव भूकंपात गेलं. लातूरच्या त्या भागातल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. दगडामातीची घरं, वर जाडजूड मातीचं माळवद. ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. माझी धाकटी बहीण मायच्या कुशीत होती. माय निघाली, ती नाही निघाली. यापुढं मला त्याबद्दल लिहिता येत नाही, आणि मी लिहिणारही नाही.

मग पत्र्याचे शेड आले. माय शेडात झोपायची नाही. बाहेर थंडीत खाटेचा पाय धरून बसून राहायची. रस्त्यानं ट्रक गेला, पत्रा खडखडला, की आत येऊन आम्हाला हाताला धरून ओढायची, ‘निघा, बाहेर निघा.’ आधी कुणाला त्याचं काही वाटलं नाही, सगळ्यांचंच तसं होतं. पण हळूहळू बाकीचे शेतात जायला लागले, बांधावरून भांडायला लागले, सोयरिकी जुळवायला लागले. माय होती तिथंच राहिली. तेव्हा बाया कुजबुजायला लागल्या, हिला लागीर झालंय. उतारे झाले, गंडेदोरे झाले. एका बाबानं तिच्यासमोर लिंबं कापली आणि वडिलांकडून कोंबडा घेतला.

तेवढ्यात शहरातून एक जीप आली. एक तरुण डॉक्टर, पन्नाशीच्या एक बाई आणि टपावर भोंगा. भोंग्यातून सांगायचे, मनाला त्रास होत असेल तर या, लाजू नका. तंबूवर ठळक अक्षरांत पाटी होती, मानसिक आरोग्य शिबिर. किती लोक गेले असतील म्हणता? कुत्रं फिरकलं नाही. शेडांच्या रांगा समोरासमोर, कोण कुठं चाललंय ते अख्ख्या गावाला दिसायचं. त्या तंबूत पाऊल टाकलं की येडं म्हणून शिक्का बसलाच. घरं गेली, माणसं गेली, लोक काय म्हणतील तेवढं शाबूत राहिलं होतं.

त्या बाई मात्र वस्ताद. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती पाटी उतरवली आणि फळ्यावर खडूनं लिहिलं, मोफत बीपी तपासणी. दुपारपर्यंत रांग हापशापर्यंत गेली. बीपी म्हणजे इज्जतीचा आजार. तो तलाठ्याला होतो, हेडमास्तरला होतो, तो झाला म्हणून कुणाच्या पोरीची सोयरीक मोडत नाही. बाई दंडाला पट्टा गुंडाळायच्या आणि फुगा दाबता दाबता हळूच विचारायच्या, ‘झोप लागते का हो?’ पट्टा सुटेपर्यंत बाया हमसून रडत असायच्या. मायसुद्धा रडली. तिला गोळी मिळाली. काही दिवसांनी ती शेडात झोपली, आणि मग एका सकाळी मला थापटण्याचा आवाज आला. माय भाकरी करत होती. मी तिथंच चुलीपाशी बसून कोरडी भाकरी खाल्ली, तिची पाठ दिसत राहावी म्हणून.

त्या बाईंना मी कधीच दोष देणार नाही. त्यांनी मायला परत आणलं. ते खोटं त्यांनी आम्हाला दारातून आत येण्यापुरतं दिलं होतं, आम्ही त्यातच बिऱ्हाड थाटलं.

शिबिर उठलं, जीप गेली. गोळी चालू ठेवायची तर डॉक्टर पाहिजे. लातुरात होते, पण लातुरात कोण ना कोण भेटतंच. म्हणून वडील मायला एसटीनं नांदेडला न्यायचे, आणि गावात सांगायचे, मावशीकडं जाऊन येतो. नांदेडला आमची मावशीबिवशी कुणी नव्हती. एकदा मीही सोबत गेलो, तर दवाखान्याच्या बाकावर आमच्याच तालुक्यातले एक गुरुजी. त्यांनी आम्हाला बघितलं, आम्ही त्यांना बघितलं, आणि मग आम्ही चौघंही भिंतीवरचं कॅलेंडर मन लावून वाचत बसलो. नांदेडचे लोक याच कामासाठी लातूरला येतात, हे मला फार पुढं कळलं. रस्त्यात कुठंतरी त्यांची एसटी आमच्या एसटीला आडवी जात असणार.

मी शिकलो, फिजिक्स शिकवायला लागलो, आणि लातुरात क्लासेसचं पेव फुटलं तेव्हा माझंही नाव झालं. उदगीरहून, उमरीहून, पार इस्लापूरकडून पोरं यायची, एकेका खोलीत दाटीवाटीनं राहायची, मेसचं खायची आणि घरी फोनवर सगळं चांगलं आहे म्हणून सांगायची. वडील गेल्यावर मी मायला फ्लॅटवर आणलं. तिची एकच अट होती, तळमजला पाहिजे. शेजाऱ्यांना मी सांगितलं, गुडघे दुखतात. मला कारणं सुचायला वेळ लागत नाही.

पुढं पुढं पोरं मधूनच आजारी पडायला लागली. कुणी जेवेना, कुणी बोलेना, कुणी पेपर बघून थरथरायला लागलं. तेव्हा क्लासवाल्यांनी मिळून जनजागृतीची मोहीम काढली. त्यात बोलणार कोण? मी. चौकात माझा फ्लेक्स लागला, हात जोडलेला, खाली लिहिलेलं, मनाचा आजार लपवू नका.

मायला कुणीतरी तो वाचून दाखवला. घरी आली ती खुशीत. म्हणाली, ‘मी बी येते तुझ्यासंगं. मला त्या गोळीनं कसं बरं वाटलं ते सांगते. बायाचं बाया ऐकतेत.’

पालक आमच्या क्लासमध्ये पोरगं घालताना सरांची सात पिढ्यांची चौकशी करतात. सरांच्या घरातच असं आहे म्हटल्यावर काय बोलतील, तेच आधी डोक्यात आलं. मी म्हणालो, ‘तिथं एसी असतो माय, तुला थंडी वाजंल.’

ती ‘बरं’ म्हणाली आणि शेंगा फोडायला बसली. तिला सगळं कळलं होतं. तिला कळलंय हे मलाही कळलं होतं, आणि तरी मी चपला घालून निघालो.

हॉल खचाखच भरलेला. मी विचारलं, ताप आला तर लपवता का? पाय मोडला तर लपवता का? मग मनाचंच का लपवता? टाळ्या काही थांबेनात. खाली उतरलो तर एका शेतकरी बापानं माझा हात धरला, तो सोडेचना. त्याच्या पोरीनं बोलणंच टाकलं होतं. ‘सर, आज धीर आला,’ म्हणाला. मला तो हात कधी सुटतो असं झालं होतं.

त्याच पावसाळ्यात मायला ताप भरला आणि मी तिला लातुरातच एका दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर तरुण, भला माणूस. तिथल्या सिस्टरची मुलगी माझ्याच बॅचला. डॉक्टरांनी विचारलं, ‘आजींना कुठल्या गोळ्या चालू आहेत?’ सिस्टर पेन घेऊन उभ्या. गोळ्यांचं पाकीट माझ्या खिशात होतं. मी म्हणालो, ‘बीपीची आहे एक.’

डॉक्टर म्हणाले, ‘बीपी तर उलट कमी आहे त्यांचं. सध्या बंद ठेवा, मी सांगेन तेव्हा सुरू करू.’

ती गोळी अशी एकदम बंद करायची नसते, हे नांदेडच्या डॉक्टरांनी मला बजावून सांगितलेलं. एक वाक्य बोलायचं होतं. सिस्टर नुसत्या क्षणभर बाहेर गेल्या असत्या तरी बोललो असतो. त्या गेल्या नाहीत आणि मी बोललो नाही. ताप उतरला, माय घरी आली. मी स्वतःला समजावलं, एवढ्या वर्षांनी तिला कशाला लागतीय गोळी.

आठवडाभरात तिची झोप गेली. मग हात थरथरायला लागले. एका दुपारी आमच्या रस्त्यावरून मोठा डंपर गेला आणि खिडकीची तावदानं वाजली. मी क्लासवर होतो. माय अनवाणी रस्ता ओलांडून समोरच्या मेसमध्ये शिरली आणि ताटावर बसलेल्या पोरांना हाताला धरून ओढायला लागली, ‘निघा, बाहेर निघा, लेकरांनो.’ मला फोन आला. जाऊन बघतो तर वीसेक पोरं खरकट्या हातांनी फुटपाथवर उभी आणि माय एका पोरीला घट्ट कुशीत धरून बसलेली. पोरगी मुकाट बसली होती. सोडवून घेत नव्हती.

पोरं माझ्याकडं बघायला लागली. त्यांतली निम्मी त्या हॉलमध्ये टाळ्या वाजवायला होती. आणि मी काय म्हणालो? ‘काही नाही, आईचं बीपी वाढलंय.’

नांदेडला फोन लावला. डॉक्टर चांगलेच तापले. म्हणाले, गोळी आजच सुरू करा, आणि तिथल्या डॉक्टरांना खरं काय ते सांगून या, उद्या पुन्हा ताप आला तर पुन्हा हेच होईल. म्हणून दुसऱ्या दिवशी मायला घेऊन मी त्या दवाखान्यात गेलो. काय बोलायचं ते रिक्षात मनातल्या मनात घोकत गेलो. मायनं सगळा रस्ता माझं मनगट धरून ठेवलं होतं.

पाकीट मी टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी उचललं, वाचलं, आणि माझ्याकडं बघितलं. ‘सर, ही बीपीची गोळी नाही. तुम्ही तर मला बीपीची म्हणाला होता.’

सिस्टर शेजारीच होत्या. घोकलेलं सगळं गेलं.

माय बोलली. हात अजून थरथरत होते, आवाज मात्र ठाम होता. ‘त्याला नका बोलू, साहेब. त्याला म्हाईतच न्हाई. मीच लपवलं त्याच्यापासून. बीपीची हाय म्हणून मीच सांगत आले.’

डॉक्टर तिच्यावर रागावले. वाईट बोलले नाहीत, पण रागावले. ‘आजी, असं लपवतात का? जिवावर बेतलं असतं. तुमचा मुलगा गावभर हेच सांगत फिरतो, आणि तुम्ही त्याच्यापासूनच लपवलंत?’

‘चुकलं माझं,’ माय म्हणाली आणि तिनं मान खाली घातली.

सिस्टरनी माझ्याकडं बघितलं. त्यांना माझी कीव आली असावी. म्हणाल्या, ‘सर, तुम्हाला तरी कसं कळणार होतं?’

मी म्हणालो, ‘हो ना.’