कडुलिंबाचे गोळे

बोर्डीला चिकूच्या वाडीतला कुत्रा उपाशी मरत नाही, पण गोड खाऊन खाऊन बिघडतो. झाडाखाली पडलेला पिकला चिकू आमचा कुत्रा असा खायचा, की सालसुद्धा मागे राहायची नाही. मग अंगाला खाज सुटली. रात्रंदिवस ओट्याच्या कडेला पाठ घासायचा.

आमच्या सासरी एक रीत आहे. हंगाम जोरात असला, की रविवारी सकाळी घरातल्या सगळ्यांनी काडेकिराईताचा काढा घ्यायचा. गोडावर कडू हवंच, असं सासूबाई सांगत. माणसाला चालतं ते कुत्र्याला का चालू नये, असं मला वाटलं. त्यात मोबाइलवर कुठल्याशा व्हिडिओत जंगलातले प्राणी कडू पाला शोधून खातात असं दाखवलं होतं. झालं! मी कडुलिंबाचा पाला वाटला, त्यात कारलं किसून घातलं, काढ्याचा चोथाही घातला आणि नाचणीच्या भाकरीत कुस्करून गोळे वळले.

कुत्र्याने गोळा शहाण्यासारखा तोंडात धरला आणि कुंपणापलीकडे गेला. रोज तसंच. एकांतात खात असेल, म्हटलं. नवरा म्हणाला, "खाणारच. मीही खातोच की तुझ्या हातचं." मी लक्ष दिलं नाही, कारण महिनाभरात कुत्र्याची खाज गेली आणि अंगावर तकाकी आली. मग मला कोण आवरणार! दिसेल त्या कुत्रेवाल्याला मी गोळ्यांची कृती सांगत सुटले. डहाणूच्या नणंदेला तर फोनवर लिहून घ्यायला लावली.

एक दिवस कुत्र्याच्या तोंडाला मासळीचा वास आला. आमच्या घरात मासळी शिजत नाही. किनाऱ्याकडच्या शेजारणीच्या अंगणात मात्र बांबूंवर बोंबील सुकत असतात. माझं डोकंच फिरलं. इतक्या मेहनतीने औषध द्यायचं आणि या लोकांनी खारवलेलं चारून त्याची वाट लावायची? मी तशीच तरातरा गेले. कुत्रा तिथेच बसला होता. शेजारीण आणि तिच्या दोन जावा मासळी उलटत होत्या. त्यांच्यासमोरच मी आवाज चढवला, "माझ्या कुत्र्याला काय वाट्टेल ते घालू नका. त्याला पथ्य आहे. स्वतःचं जनावर असतं तर कळलं असतं."

शेजारीण हात पुसत उभी राहिली. तिने बांबूंच्या कडेला बोट दाखवलं. तिथे माझे गोळे पडले होते. काही सुकून दगड झालेले, एक अजून हिरवा.

"आमी नाय बोलावत त्याला, बाय," ती म्हणाली. "रोज येतो, तोंडातला गोला हितं टाकतो, नि बसून रेतो. आमाला वाटलं, तुमच्या घरात कायतरी अडचण हाय. पाला खायला घालतात कुतऱ्याला. इचारायला बरं नाय वाटलं. मंग आमच्या कालवणाच्या मासलीची डोकी ठेवायला लागलो. बिनमिठाची, उकडून."

खजील होणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. चिकूची वाडी आमची, आणि आमच्या घरात खायला नाही असं समजून ही बाई आपल्या ताटातलं बाजूला काढत होती, वर आमची अब्रू जाऊ नये म्हणून गप्प राहत होती. ती तकाकी तिच्या मासळीची होती. आणि मी भांडायला गेले होते.

काहीतरी बोलायला हवं होतं. माफ करा म्हणायला हवं होतं. मी त्याऐवजी कुत्र्याला हाक मारली. तो शेपूट हलवत उठला, पण मी कुरवाळायला हात पुढे केला तसा, पुन्हा गोळाच आला असं समजून, दात घट्ट मिटून मान फिरवून उभा राहिला. जावांपैकी एक हसली आणि लगेच थांबली. तिचं ते थांबणं मला जास्त लागलं.

शेजारणीने आत जाऊन बांगड्याचं उकडलेलं डोकं आणलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "हे द्या, मंग येल." आयुष्यात मी मासळीला हात लावला नव्हता. तशीच खाली बसले आणि हात पुढे केला.

कुत्रा आला. त्याने माझा हात नीट हुंगला आणि तिच्याकडे बघितलं. ती "खा" म्हणाली, तेव्हाच त्याने तोंड लावलं.