हळदीतली चक्कर
कशेळ्याच्या बाजारात ताज्या पेढ्यांचा वास आला की मला वहिनी आठवते. तिच्या लग्नाला चारच महिने झाले होते. शेजारच्या हळदीत ती उभ्या उभ्या कोसळली आणि बायका हसू लागल्या. "गोड बातमी हाय गं, पेढे आणा!" म्हणत आईने तिला उठवून बसवलं. "आई, मला लो बीपीचा त्रास हाय, जरा आडवं होऊ द्या," ती पुटपुटली. आईने तिच्या तोंडात पेढा कोंबला. महिन्याभरात बातमी खोटी ठरली आणि मग तिची प्रत्येक चक्कर घरात नाटक ठरली. पुढच्या वर्षी विहिरीच्या पायऱ्यांवर ती चक्कर येऊन पडली आणि गेली. तेराव्याला आई सगळ्यांना म्हणाली, "सांगायचं तरी व्हतं तिनं." हळदीत मी तिच्या शेजारीच उभी होते, तिचं सांगणं ऐकलं होतं, तरी तेराव्याला गप्प बसले. आजही आईसमोर गप्पच असते.