धुऱ्यातलं भोक

"काका, तुमच्या हृदयाला भोक आहे. जन्मापासूनचं," भंडाऱ्याचे डॉक्टर छातीवर यंत्र फिरवत म्हणाले. मी एकोणपन्नास वर्षांचा. एवढी जुनी वस्तू आपल्याकडे असून आपल्यालाच माहीत नाही, याची लाज वाटली.

बायको, निर्मला, शेजारी उभी होती. "अन् आमी यायले आळशी म्हणत होतो."

खरंच होतं. आमच्या करडी गावात रोवण्याच्या दिवसांत धानाच्या रोपांच्या पेंढ्या घेऊन धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, निघालो की दहाव्या पावलाला दम लागे. मोठा भाऊ म्हणे, "बस बाबू, तू गोष्टीच सांग." घरातला गोष्टी सांगणारा झालो तो असा.

त्या तपासणीला इको म्हणतात. ध्वनिलहरींनी हृदयाचं चित्र दिसतं; दुखत नाही. पडद्यावर रक्ताचा रंगीत झोत डाव्या कप्प्यातून उजव्यात जात होता. खेकड्यानं धुऱ्यात बीळ पाडावं आणि वरच्या बांधीतलं, म्हणजे खाचरातलं, पाणी खालच्या बांधीत उतरावं, तसा. उजवी बाजू जादा रक्तानं फुगली होती. या भोकाला एएसडी म्हणतात.

छाती उघडायची, की पायाच्या शिरेतून नेलेल्या झाकणानं भागेल? ते भोकाच्या कडांवर ठरणार होतं. त्यासाठी नागपूरला टीईई, म्हणजे घशातून नळी उतरवून हृदय आणखी जवळून पाहायचं.

सहा तास उपाशी राहायला सांगितलं होतं. राहिलो. चहासुद्धा नाही. डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं आणि ते थांबले. "गालात काय आहे?"

"खर्रा," मी म्हणालो. "खाल्ला नाही. नुसता ठेवला."

"साहेब, नळीच्या आधी झाडू मारा," निर्मला म्हणाली.

तंबाखू-सुपारीच्या त्या चिमटीपायी तपासणी दुसऱ्या दिवसावर गेली. संध्याकाळी निर्मला म्हणाली, "कडा पक्क्या रायल्या पायजे. धुरा पोचट असला त भोकात भरलेला चिखल थांबत नाही."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "कडा चांगल्या आहेत. झाकण बसेल."

बसलं. नंतरच्या इकोत तो झोत दिसला नाही. खर्राही त्याच दिवशी सुटला असं लिहायला आवडलं असतं. त्याला आणखी चार महिने लागले.

घरात कुणाला लवकर दम लागत असेल, तर आळशी म्हणण्याआधी एकदा इको काढून घ्या.

यंदा रोवण्याला पेंढ्या घेऊन धुऱ्याच्या टोकापर्यंत न थांबता गेलो. भाऊ तिथं उभाच होता. माझ्या हातातल्या पेंढ्या त्यानं घेतल्या.

"मले काय मालूम होतं, बाबू," म्हणत तो धुऱ्यावर बसला. "सांग आता, काय काय झालं."

मीही टेकलो, आणि खेकड्यापासून सुरुवात केली.