आईचं पान

दुकानात रोझमेरीची जुडी नाकाजवळ आली की अमेरिकेत शॉमबर्गमधली आमची शेजारीण आठवते. आई गेली त्या वर्षी व्हिसा अडकला होता, त्यामुळे मला नागपूरला जाता आलं नाही. हॅलोविनच्या संध्याकाळी शेजारणीनं जेवायला बोलावलं. भाजलेला भोपळा, सफरचंदं आणि घरभर रोझमेरीचा वास. "मी विक्कन, हे ड्रुइड, ही जुन्या नॉर्स देवांना मानणारी," तिनं पाहुण्यांची ओळख करून दिली. "सगळे पेगनच, ख्रिस्ताआधीचे जुने धर्म पाळणारे. घर एक, देव ज्याचे त्याचे. आज आपल्या गेलेल्या माणसांनाही वाढायचं." माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे भरलेली प्लेट होती आणि चिठ्ठीवर माझ्या आईचं नाव. विक्कन म्हणजे चेटूक, एवढंच मला ठाऊक. मी घाबरले. "सॉरी, आमच्यात असलं चालत नाही," म्हणाले. पितृपक्षात कावळ्यासाठी ताटकळणाऱ्या घरातली मी! तिनं चिठ्ठीची घडी करून माझ्या हातात ठेवली आणि ती प्लेट गुपचूप आत नेली. बाकीच्यांनी आपल्या गेलेल्या माणसांसाठी वाढलेल्या प्लेटा तशाच राहिल्या. चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. आता दरवर्षी मी आईचं पान वाढते; पण तेव्हा भरल्या पंगतीतून तिला मीच उठवलं.