दोनशे पाचचे टायर आणि मागच्या सीटवर मामा

थांबा थांबा, हातातलं ठेवा खाली, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय, नाहीतर पोट फुटेल माझं. मी मांजरी गावात मामाच्या ओट्यावर बसलेय, एका हातात चहा, दुसऱ्या हाताने टाइप करतेय, आणि समोर आमची गाडी उभी आहे. तीच जुनी पांढरी हॅचबॅक. पण तिची चाकं! बाई गं, तिची चाकं! बरं, सांगते. नीट पहिल्यापासून सांगते.

ही गाडी एकट्या माझी नाही, सगळा घोळ तिथूनच. सोमवार ते शुक्रवार मी ती घेऊन खराडीला ऑफिसला जाते, आणि रविवारी अख्खं घर तिच्यात कोंबून बसतं नि कुठेतरी जातं. बहुतेक वेळा मांजरीलाच, आईच्या माहेरी. आणि मध्ये एकदा मी हीच गाडी घेऊन पहिल्यांदा ट्रॅकवर गेले. शहराबाहेर एक छोटा ट्रॅक आहे, पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं आणि आपली रोजची गाडी पाहिजे तशी पळवायची. पहिल्याच वळणावर टायर किंचाळले, मीही किंचाळले, आणि गाडी वळायचं सोडून सरळच निघाली. गवतात! बाहेर आले तेव्हा गाल दुखत होते हसून हसून. तिथे शिकवणारा दादा वाकला, चाकांकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, गाडी मस्त आहे. पण हे टायर सायकलचे लावलेत का?"

झालं. त्या दिवसापासून मला रुंद टायर हवे होते. जेवताना रुंद टायर, मीटिंगमध्ये रुंद टायर.

आता एवढंच समजून घ्या. आमच्या गाडीला कंपनीने एकशे पंच्याऐंशीचे टायर दिलेत, म्हणजे रुंदी एकशे पंच्याऐंशी मिलिमीटर. पुढचा साइज एकशे पंच्याण्णव, त्याच्यापुढचा दोनशे पाच. दहा-दहा मिलिमीटरचा खेळ! पण त्या दहा मिलिमीटरवरून आमच्या गाडीवेड्यांच्या ग्रुपवर लोक एकमेकांशी बोलायचे बंद झालेत. कोणी म्हणतं एकशे पंच्याण्णव पुरे, टॉप मॉडेलला कंपनी स्वतः तोच देते. कोणी म्हणतं छे, मुलांचं काम ते. माझं ठरलेलं होतं: दोनशे पाच. कोणी विचारलं तर मी सांगायचे की रस्त्यावर जास्त रबर टेकतं, पकड वाढते वगैरे. खरं कारण वेगळंच होतं. मी फोटो बघितला होता. दोनशे पाचवर आमच्या मॉडेलची गाडी मागून अशी दिसते ना, मांडी ठोकून बसलीये आणि आता काही उठणार नाही! मी तो फोटो झूम करून करून बघितलाय.

बाबांना विचारलं तेव्हा ते पेपर वाचत होते. पेपर खाली केला नाही.

"घाल," म्हणाले. "एकच अट. पाच माणसं बसून मांजरीला जाऊन आली पाहिजे आणि कुठेही घासली नाही पाहिजे. एकदा जरी घासली, तर जुनी चाकं परत. आणि पुढच्या शनिवारचं ते तुझं गोल गोल फिरणं रद्द."

पुढच्या शनिवारचा माझा स्लॉट बुक झाला होता! आणि बाबा मस्करी करत नाहीत, टोमणे मारतात. हा टोमणासुद्धा नव्हता. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा, रुंद टायर गाडीच्या पत्र्याला आतून घासला आणि घासतच राहिला तर फाटतो. तो फाटल्यावर आत आई बसलेली असेल तर? म्हणून मी मान हलवली.

माझी एक मैत्रीण आहे, तिच्याकडे आमचंच मॉडेल आणि माझ्यापेक्षा जास्त वेड. तिने ट्रायलसाठी एका रविवारपुरते दोन सेट दिले. एकावर दोनशे पाच, एकावर एकशे पंच्याण्णव. "संध्याकाळपर्यंत ठरव," म्हणाली, "जो पाहिजे तो तुझा, दुसरा परत." म्हणजे आज! आज सकाळी सदाशिव पेठेत, आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, जिथे दोन स्कूटर शेजारी लावल्या तर तिसरीला श्वास घेता येत नाही, तिथे मी जॅक लावून दोनशे पाच चढवले. मागे जाऊन बघितलं. मांडी! अगदी तश्शी मांडी! मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

आता घासतं का ते बघायचं कसं? व्हिडिओत लोक एक खास क्ले वापरतात. चाकाच्या वरच्या पत्र्याला आतून क्लेचे गोळे लावायचे, गाडी चालवायची, मग बघायचं गोळा किती चेपला. क्ले मी आणणार कुठून रविवारी? वर गेले, तर आई पोळ्यांची कणीक मळत होती.

"आई, एवढीशी दे ना."

"कशाला?"

"गाडीला लावायचीये."

आईने माझ्याकडे बघितलं, मग फ्रीजकडे. "कालची घे. ताजीला हात लावलास तर बघ."

मामा-मामी आमच्याकडेच होते, सकाळच्या बसने खरेदीला आले होते. मामी उठून आली आणि म्हणाली, "आगं, नुसती लावू नगं, टायरला चिकटून निघून जाईल. वरनं पिठी लाव." आणि खरंच की! पोळी लाटताना लावतो तशी पिठी. कुठल्याही व्हिडिओत नाहीये हे.

लावले गोळे. पार्किंगमधून गल्लीत, गल्लीतल्या स्पीडब्रेकरवरून, परत. उतरून बघितलं, गोळे जसेच्या तसे. मी ओरडलेच. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी गॅलरीतून विचारलं, "कणीक लावल्यावर अ‍ॅव्हरेज वाढतं का हो?" मी म्हटलं, काका, आज काहीही विचारा!

तेवढ्यात बाबा खाली आले. "गाडीत कोण होतं?"

"मी."

"आयुष्यभर एकटीच बसणार आहेस? आम्ही स्वारगेटवरून बसने येत जाऊ मग."

अरे देवा. पाच माणसं! मी रिकाम्या गाडीवर ट्रायल घेतली होती. लिटरली अख्खी अट विसरले होते.

मग सगळी वरात खाली आली. बाबा पुढे, मागे एका बाजूला आई, मध्ये मामी, दुसऱ्या बाजूला मामा. आमचा मामा म्हणजे शेतात उभा राहिला तर उसाला सावली पडेल असा माणूस. तो बसला आणि गाडी मागून "हं" करून खाली गेली. मला ऐकू आलं ते. नवीन गोळे, नवीन पिठी, तोच स्पीडब्रेकर, हळूच.

खर्रर्र.

मामा उतरला, वाकला आणि आतून गोळा सोलून काढला. पापड झाला होता त्याचा. "ए, हे बघ की!" मामा खूश होऊन म्हणाला, "नक्षी उठलीया! शंकरपाळ्यावानी!"

टायरची नक्षी होती ती. माझ्या दोनशे पाचची.

मी हट्टाने म्हटलं, मामाला पुढे बसवू, बाबा मागे जातील.

"मला का उठवती?" मामा म्हणाला. "म्या काय पोतं हाय व्हय, हिकडून तिकडं ठेवायला?" पण बसला बिचारा पुढे. परत गेलो. परत खर्रर्र. यावेळी बाबांच्या बाजूने.

"छान," बाबा म्हणाले. "गाडीवर बोर्ड लाव. मागच्या सीटवर माणसं बसवू नयेत."

मी स्कूटरवर जाऊन बसले. रडले नाही, पण जवळपास. शनिवार गेला असंच वाटत होतं. आई शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दुसरी चाकं आणलीयेस ती काय ओवाळायला?"

एकशे पंच्याण्णव. मी त्यांच्याकडे धड बघितलंही नव्हतं! त्यांची रिम जरा कमी रुंद, आणि ते चाक पत्र्याच्या आत जास्त बसतं. मी तोंड पाडूनच नट आवळत होते. मामा पाना घेऊन मला मदत करत होता आणि म्हणत होता, "लई जोर लावू नगं, मोडंल."

चढवले. मागे जाऊन बघितलं. मांडी नाही. पण... बाह्या सरसावून उभी आहे अशी! कामाला लागायच्या आधी उभं राहतात ना, तशी. मी दोनदा बघितलं. तीनदा.

गल्लीतला स्पीडब्रेकर: आवाज नाही. पण बाबा म्हणाले, "गल्लीतला काय, तो तर चटईसारखा आहे. अट मांजरीची होती, मांजरीला चल."

निघालो. पाचही जण, मामीच्या खरेदीच्या पिशव्या डिकीत, गोळे चाकांवरच्या पत्र्याला. स्वारगेटपर्यंत सगळे कान देऊन बसलेले. हडपसरपर्यंत मामा प्रत्येक खड्ड्याला "आला, आला, धरा!" करत होता. आणि मधल्या वळणांवर, काय सांगू, गाडी वळते हो! मी स्टिअरिंग फिरवलं की आधी ती विचार करायची, आता विचारच करत नाही. मी गालातल्या गालात हसत होते, आणि तेवढ्यात मागून: खर्रर्र!

बाबांनी मान वळवली.

"आगं बाई, माझं पातेलं सरकलं," मामी म्हणाली. "नवीन हाय, डिकीत."

आम्ही असे हसलो की मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

मग मामाच्या घराकडचा रस्ता. तिथे एक स्पीडब्रेकर आहे, पांढरा पट्टा नाही, काही नाही, म्हशीच्या पाठीएवढा. मी कपाळाला हात लावला. "हा कोणी केला मामा?"

"म्याच करून घेतलाय," मामा छाती काढून म्हणाला. "पोरं लई जोरात जायाची."

गेलो त्याच्यावरून. पुढची चाकं. मागची चाकं. गाडी खाली दबली, वर आली. शांत. पूर्ण शांत!

"परत," बाबा म्हणाले.

रिव्हर्स घेऊन परत गेलो. शांत.

घरासमोर थांबल्यावर बाबा माझ्या आधी उतरले. खाली बसले, चक्क जमिनीवर उकिडवे, हात घालून गोळा चाचपला. जाडच्या जाड, फक्त धुळीने काळा झालेला. त्यांनी रुमालाने बोट पुसलं. मी त्यांच्या मागे वाकून उभी. आई पण. मामा पण.

"शनिवारी किती वाजता निघायचंय?"

निघायचंय! "तुला" नाही म्हणाले, "निघायचंय" म्हणाले! म्हणजे ते येतायत! ट्रॅकवर! मी त्यांना मिठीच मारली आणि ते "पुरे, पुरे, रस्ता आहे" म्हणाले. मामा लगेच म्हणाला, "दाजी, मी बी येतो, मागं वजन लागंल की." त्याला सांगितलं की ट्रॅकवर मागे कोणी बसायचं नसतं, तर रुसलाय, आत जाऊन बसलाय. मैत्रिणीला मेसेज केला: एकशे पंच्याण्णव माझे, दुसरे घेऊन जा. तिने विचारलं, नक्की? मी म्हटलं, पाच जणांनी बसून ठरवलंय.

तर सांगा ना, तुमच्याकडे झालंय का असं? तुमच्या एकट्याच्या हट्टाचं काहीतरी तपासायला अख्खं घर गाडीत येऊन बसलंय, आणि शेवटी ज्यांनी अट घातली तेच तुमच्याआधी तयार होऊन बसलेत? कोणाकडे तरी झालं असेलच ना?