मागच्या दाराचं कुलूप

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तसं त्याला मी काय सांगत नाही? कॉलेजातली भांडणं, दुखणारे गुडघे, बाईने मारलेली दांडी — सगळं त्याच्या कानावर घालते. हे मात्र ओठांपर्यंत येतं आणि मी त्याला चहा हवाय का, असं विचारते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं. बघा, इथेही मी सोपंच शोधलं.

बोईसरच्या बाहेर विद्यापीठाचं एक संकुल आहे. तिथल्या मुलींच्या वसतिगृहाची मी रेक्टर. सुरक्षा समितीचीही प्रमुख मीच. गेटवर ओळखपत्र, कॉरिडॉरमध्ये कॅमेरे, आग लागली तर काय करायचं याची तालीम — सगळं मी मागे लागून करून घेतलेलं. मुली मला कडक म्हणतात. पाठीमागे आणखी काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

वसतिगृहाला मागे एक जिना आणि एक दार आहे. संकटात बाहेर पडायला. त्याला कुलूप लावायचं नाही, हा नियम तालमीत मी घसा फोडून सांगायची. मग एका पालकाने तक्रार केली, मुली त्या दाराने कुंपणापाशी पोरांशी बोलायला जातात म्हणून. मी हादरले. वसतिगृहाचं नाव जाईल, म्हणजे माझंच की! मुली वर्गात असताना मी आतल्या कडीला कुलूप घातलं. घरून आणलेलं, मुली ट्रंकेला लावतात तसलं. दोन-चार दिवसांत काढू म्हटलं. कुणाला बोलले नाही.

त्याच संध्याकाळी वास आला. आता आमच्याकडे वासाला कोण घाबरतं? कारखान्यांकडचा वारा फिरला की नाकाला झोंबतं, डोळे चुरचुरतात. आपण म्हणतो, आज गॅस सोडला वाटतं, आणि खिडक्या लावून कामाला लागतो. मीही तेच केलं. सरिताला म्हटलं, वर जा, सगळ्या खोल्यांच्या खिडक्या लावून घे. सरिताच का? कारण ती एका शब्दात ऐकायची. मोखाड्याच्या डोंगरातली पोर, तिच्या घराण्यात कॉलेजात आलेली पहिलीच.

वास कारखान्यांचा नव्हता. आमच्याच पुढच्या जिन्याखाली इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या पेटल्या होत्या. खालच्या मुली ओरडत बाहेर आल्या, मी आले, आणि आमच्या पाठोपाठ पुढचा जिना काळ्या धुराने भरला. वरच्या मुली अजून परतल्या नव्हत्या; सरिता एकटीच वर होती.

ती कुठे जाणार, हे मला पक्कं माहीत होतं. तोंडाला ओली ओढणी, वाकून चालायचं, मागचा जिना, मागचं दार — मीच शिकवलं होतं ना? इतर मुली तालमीत खिदळायच्या. ती नाही.

आता बोलते. चावी माझ्या पर्समध्ये होती. पर्स माझ्या खांद्याला होती. आतल्या कुलपाला बाहेरून चावी काय कामाची, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलंय. पण दाराला काचेची छोटी खिडकी आहे. काच फोडून चावी तिच्या हातात देता आली असती. हे मला तेव्हाच, तिथेच, उभ्या उभ्या सुचलं होतं. आणि त्यासोबत हेही सुचलं — चावी बाहेर काढली की सगळे बघतील कुणाची आहे ती. मी पर्स काखेत घट्ट धरली. वॉचमनला ओरडून सांगितलं, मागे बघा, मागे! तो पहार आणायला धावला. आतून दार वाजत होतं, पुढच्या अंगणात मला ऐकू येत होतं. मग वाजायचं थांबलं. तरीही मी पर्स उघडली नाही.

त्याने दार फोडलं. सरिता जगली, पण पालघरच्या दवाखान्यातून आली ती छाती खराब घेऊनच.

चौकशीत विचारलं, कुलूप कुणाचं? मी म्हटलं, मुलींपैकीच कुणाचं तरी, लपून जा-ये करायला. आणि कुणी विचारलेलं नसताना पुढे म्हटलं — सरिता त्याच दाराशी सापडली, नाही का? एवढं पुरलं. कुजबुज झाली. तिचा बाप आला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "पोरीला नेतो. हितं नाय ठेवत." तिचं शिक्षण तिथेच संपलं. मी माझ्या जागेवर आहे. आजही तालीम मीच घेते, त्या दाराकडे हात दाखवून. सोडून जाईन म्हणते, पण नवीन रेक्टरने कुणाला काही विचारलं तर? म्हणून जातही नाही.

गेल्या हिवाळ्यात बोईसरच्या बाजारात सुकट घेताना ती दिसली. इथल्याच एका कारखान्यात पॅकिंगला लागलीय. मी मान वळवणार, तोवर तिनेच हाक मारली. इकडचं तिकडचं बोलली, मध्येच खोकली. मग म्हणाली, "मॅडम, कुलपाचं तुमाला माहीत नव्हतं ना? बाबा म्हनतो, मॅडमला ठाव असल. मी सांगते, नाय. माहीत असतं तर मॅडम आल्याच असत्या."

"नव्हतं गं माहीत," मी म्हटलं.

तिला बरं वाटलं. चेहऱ्यावर दिसलं ते. घरी जाऊन तिने बापाला सांगितलं असेल.